पाठीमागचे जहाज

“काका, एकदा तरी वळून बघाल का त्याच्याकडे?” कॅमेरेवाली म्हणाली.

तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. तो बोलता बोलता उजवा हात खांद्यावरून मागे नेऊन भिंतीवरचे जहाज दाखवत होता, पण मान हलत नव्हती. हाताचे बोट अगदी नेमक्या जागी जाते आहे, ती म्हणाली, पण डोळे तिकडे जात नाहीत, म्हणून सगळे पाठ केल्यासारखे वाटते. त्याला हसू आले. पाठच तर होते. सारा जन्म ह्या दालनात तो पाठ केलेले बोलत आला होता आणि चित्राकडे पाठ करून उभा राहिला होता. एकाच शब्दात दोन्ही मावत होते आणि हे आजवर आपल्या ध्यानात कसे आले नाही, ह्याचे त्याला नवल वाटले. दारावरचा पहारेकरी त्याला पोपटराव म्हणत असे. आत्ताही तो दाराशी स्टुलावर बसून ऐकत होता आणि नाकावरचा मास्क हनुवटीवर ओढून म्हणाला, की पोपटराव मागे बघत नसतात, मागे बघितले तर पुढचे विसरतात. कॅमेरेवाली हसली. तो हसला नाही, कारण त्याचा एक हात खिशावर होता. खिशात फोन होता. चित्रीकरणात फोन बंद ठेवायचा असे तिने आधीच सांगितले होते आणि त्यानेही आधीच सांगितले होते की आज तो बंद करता येणार नाही. मुलगी जहाजावर अडकली आहे, आज एक नवे बंदर उतरू देते की नाही ते कळणार आहे. एवढे ऐकल्यावर नुसती मान हलवून तिने कॅमेऱ्याचे पाय जरा मागे घेतले होते, जणू त्याला जास्त जागा लागणार होती.

हे दालन म्हणजे जुनी जकात कचेरी. जकात कधीच उठली, पण तिची पश्चिमेची भिंत राहिली. जमिनीपासून थेट कमानीपर्यंत रंगवलेली. समुद्र, धक्का, धक्क्यावरची माणसे आणि मधोमध ते जहाज. देशोदेशीचे लोक ही भिंत बघायला येत. तो इथे आला तेव्हा पोरसवदा होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, आणि ज्यांनी त्याला पाहुण्यांना भिंत दाखवायचे हे काम शिकवले त्या थोरल्यांनाही नीटसे येत नव्हते. थोरले एक वाक्य म्हणायचे, तो त्यांच्यामागून म्हणायचा. परक्या भाषाही अशाच शिकवल्या, गाण्यासारख्या, कुठे चढायचे आणि कुठे उतरायचे तेवढे सांगून. पण पहिला धडा बोलण्याचा नव्हता, उभे राहण्याचा होता. भिंतीला पाठ, माणसांना तोंड. तू भिंतीकडे बघितलेस की लोक तुझ्या टकलाकडे बघतात, थोरले म्हणायचे. त्याला तेव्हा टक्कल नव्हते. थोरल्यांना होते. त्या शिस्तीत त्याचे आयुष्य गेले. सकाळी आत यायचा तो मागच्या लहान दाराने, म्हणजे भिंतीच्या कडेने, मान खाली घालून, दिवे लावत. आणि लोकांना अडवायला बांधलेल्या दोरखंडाच्या आत आपल्या फरशीवर येऊन उभा राहायचा तो लोकांकडे तोंड करून. चित्राचे तुकडे त्याने जाता-येता पाहिले होते, लाटेचा एक कोपरा, कुणाचे पाऊल, धक्क्याचा दगड. सगळे चित्र त्याने पाहिले ते माणसांच्या तोंडांवर. मोठ्या दारातून माणूस आत येतो, बोलत असतो, पाकीट चाचपत असतो, पोराला दटावत असतो, आणि तीन पावलांवर त्याचे बोलणे तुटते. ओठ सुटतात. हनुवटी वर जाते. डोळ्यांत निळे काहीतरी उतरते. ते निळे म्हणजे वरचा समुद्र हे त्याला माहीत होते. मग नजर डावीकडून उजवीकडे सरकते आणि एका जागी थांबते, तिथे जहाज. कुठल्याही देशाचा माणूस असो, तिथे थांबतोच. गलेलठ्ठ व्यापारी, नवी लग्ने झालेली जोडपी, काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांची तोंडे त्या क्षणी सारखी होत, अगदी लहान मुलासारखी. त्याने ते इतक्यांदा बघितले होते तरी त्याचे मन कधी विटले नाही. घरी बायको म्हणायची, तुमची एवढी स्तुती करतात ते लोक, पण तुम्ही सांगता काय तेच एकदा मला सांगा. तो सांगायचा. ती निवडणे-टिपणे करत ऐकायची आणि म्हणायची, बरं आहे, म्हणजे एक बोट आहे.

मग साथ आली आणि सीमा बंद झाल्या. आधी एका देशाचे लोक यायचे थांबले, मग दुसऱ्याचे, आणि मग एका आठवड्यात सगळ्यांचे. शेवटी जो जथा आला त्याच्या तोंडांवर मास्क होते, आणि त्याला पहिल्यांदा समोर काय चालले आहे ते कळेना. ओठ सुटले की नाही दिसत नव्हते. नुसते डोळे, आणि डोळ्यांत निळ्याच्या आधी भीती. त्याच रात्री सरकारने विमाने थांबवली असे म्हणतात. दुसऱ्या दिवशी तो जथा हॉटेलातच बसून राहिला आणि मग त्यांच्या वकिलातीने त्यांना कसेबसे उचलून नेले. शहर एवढे पाहुण्यांवर जगत होते हे शहरालाही ठाऊक नव्हते. बॅगांच्या दुकानाने बॅगा आत ओढून घेतल्या आणि बाहेर दोरीवर मास्क टांगले. नोटा बदलून देणाऱ्याच्या काचेवरचे भाव त्या शेवटच्या दिवसाचेच राहिले, कुणी पुसले नाहीत. हॉटेलांच्या गल्लीत सगळ्या खिडक्यांचे पडदे एकसारखे ओढलेले, आणि त्या गल्लीतून चालताना त्याला स्वतःच्या चपलेचा आवाज येऊ लागला, जो त्याने तिथे कधी ऐकला नव्हता. आणि वर आभाळ. एके दिवशी तो गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेला आणि तसाच उभा राहिला. विमानांनी ओढलेली एकही पांढरी रेघ नव्हती. कुणी पुसून ठेवलेल्या ताटासारखे ते लख्ख होते, आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज म्हणून नव्हता. त्याला वाटले, एवढे मोठे होते हे. रोज वर होते आणि एवढे मोठे होते. मागून बायकोने हाक मारली तेव्हा कपडे त्याच्या खांद्यावर तसेच होते.

मुलगी त्याच सुमारास समुद्रावर होती. ती सहलीच्या जहाजावर केस कापायचे काम करी. अशी जहाजे म्हणजे तरंगती गावेच, ती फोनवर सांगायची, बाबा, पाण्यावर नाटकाचं थिएटर आहे, आणि म्हाताऱ्या बायका वादळातसुद्धा केस सेट करून मागतात, मी एका हाताने खुर्ची धरते आणि दुसऱ्या हाताने कात्री. जहाजावर कुणीतरी आजारी पडले आणि ज्या बंदरात जायचे होते त्याने नको म्हटले. पुढच्यानेही नको म्हटले. पुष्कळ विनवण्यांनंतर एका देशाने प्रवाशांना उतरवून घेतले, पण काम करणाऱ्यांना नाही. त्यांनी जहाजावरच राहावे असे ठरले, कारण त्यांच्या त्यांच्या देशांच्या सीमाही बंद होत्या, आणि ते देश स्वतःच्या माणसांनाही आत घेईनात. तेव्हापासून ते जहाज रिकामे हिंडत होते. किनाऱ्याजवळ आले की फोन लागे, दूर गेले की तुटे. पूर्वी ती खाली, पाण्याच्या पातळीखालच्या खोलीत तिघींबरोबर झोपायची; आता प्रत्येकीला वेगळे ठेवायचे म्हणून तिला वरची मोठी, प्रवाशांची खोली दिली होती, सज्जासकट. राणीसारखी राहतेय बाबा, ती म्हणाली, फक्त दार उघडायचं नाही. आईने विचारले, खातेस का? ती म्हणाली, दाराशी ठेवून जातात. मग फोनमधून लाटेचा आवाज येत राहिला. एकदा ती म्हणाली की संध्याकाळी समोरच्या किनाऱ्यावर माणसे जमतात आणि आमच्याकडे बघून हात हलवतात. आम्हीही सज्जांतून हलवतो. पण ते या म्हणतात का जा म्हणतात ते इतक्या लांबून कळत नाही. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, तुमच्या त्या भिंतीवरच्या बोटीला विचारा, तिला काय माहीत असेल तर. तिने ते चिडून म्हटले होते. पण त्या रात्री ती जागीच आहे हे त्याला तिच्या श्वासावरून कळत होते, आणि सकाळी त्याने डोळे उघडले तेव्हा ती फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून त्याच्यासमोर बसली होती, दुधावर नजर ठेवावी तशी.

“काका?” कॅमेरेवाली म्हणाली.

तो वळला.

पहिल्यांदा त्याला काहीच दिसले नाही, कारण त्याने फार जवळून बघितले. नाकासमोर नुसता रंग होता, तडे गेलेला, कोरड्या नदीसारखा. तो मागे सरकला. आणखी मागे सरकला, आपली फरशी सोडून, दोरखंड उचलून त्याखालून पलीकडे गेला, जिथे लोक उभे राहत तिथे, आणि त्याने मान वर केली. आपले ओठ सुटल्याचे त्याला कळले. आपली हनुवटी वर गेल्याचे कळले. पाणी निळे नव्हतेच. लोकांच्या डोळ्यांवरून त्याने निळे ठरवले होते, पण ते हिरवे होते आणि काळे होते आणि कमानीच्या जवळ, जिथे उजेड फुटत होता, तिथे जवळजवळ पांढरे. हे सगळे मिळून आत उतरले की निळे होत असावे. ते केवढे होते. पुन्हा पुन्हा त्याच्या मनात तेवढेच येत होते, केवढे होते हे, आणि मी ह्याच्यापुढे, पाठीला हे एवढे घेऊन, बोलत उभा राहायचो. मानेमागे एखादा डोंगर असावा आणि माणसाने आयुष्यभर त्याचा गारवाच वारा समजावा तसे. जहाज आकाशासमोर उंच उभे होते, त्याच्या डोलकाठ्यांत इतके दोर होते की कुणी रंगवले असतील ह्यावर विश्वास बसेना, आणि प्रत्येक दोर कशाला तरी बांधलेला होता, एकही उगाच नव्हता. धक्क्यावर माणसे दाटीवाटीने होती. त्यांच्यात ती बाई होती. तिच्याकडे बोट दाखवून तो जगातल्या लोकांना सांगत आला होता: हे जहाज दूरदेशी निघाले आहे. काठावरचे लोक निरोप देत आहेत. ह्या बाईला पाहा, तिच्या डोळ्यांना पाणी आहे, कारण तिचे माणूस जहाजावर आहे. इथे हटकून कुणाचे तरी डोळे भरत. बाई रडत नव्हती. तिने कपाळावर आडवा हात धरला होता, उन्हाने डोळे बारीक झाले होते आणि तोंड उघडे होते. ती कुणाला तरी मोठ्याने हाक मारत होती. दुसरा हात पुढे केलेला, तळवा खाली. पोराला जवळ बोलवावे तसा.

मग जहाज येते आहे, त्याला वाटले. निघालेले नाही, येते आहे. शिडे बघितली पाहिजेत. शिडे गुंडाळलेली होती. गुंडाळून झाली होती की सोडायची होती कोण सांगणार. झेंडा कापडाला जीव नसल्यासारखा खाली लोंबत होता, वारा पडलेला. मग त्याने दोर पाहिला. जहाज आणि धक्का ह्यांच्यामध्ये, माणसांच्या डोक्यांवर, हवेत एक जाड दोर होता. त्याचे एक टोक जहाजावरच्या खलाशाच्या हातांजवळ होते, पण हातांत नव्हते. दुसरे टोक धक्क्यावरच्या माणसाच्या हातांजवळ होते, पण हातांत नव्हते. खलाशाने तो नुकता फेकला असेल आणि काठावरचा झेलणार असेल; नाहीतर काठावरच्याने तो नुकता सोडला असेल आणि खलाशी ओढून घेणार असेल. दोघांचेही हात पसरलेले. चितारी जो कोणी होता त्याने तो दोर मध्येच ठेवून दिला होता, एवढ्या मोठ्या भिंतीवर, इतक्या माणसांच्या डोक्यावर, आणि तो खाली पडत नव्हता. तो बघत राहिला. थोरल्यांनी हा बघितला असेल का? थोरल्यांना त्यांच्या थोरल्यांनी शिकवले होते. एकामागे एक अशा किती माणसांची रांग भिंतीला पाठ करून उभी होती आणि निरोप, निरोप असे म्हणत होती. त्याला राग आला नाही. उलट थोरल्यांना हाताला धरून इथे आणावे आणि म्हणावे, हे बघा, असे वाटले. ते म्हणाले असते, बरोबर आहे, पण लोकांना उभे किती वेळ ठेवशील?

एकदा एका पाहुण्याने त्याला विचारले होते, हे काठावरचे लोक ओरडून काय म्हणत असतील, तुमच्या भाषेत? तो म्हणाला, निघताना आमच्याकडे माणूस येतो म्हणतो आणि घरचे ये म्हणतात. पाहुणा खूप हसला. म्हणाला, मग तुम्हाला माणूस आला आणि गेला ह्यातले कळते तरी कसे? ते वाक्य त्याने पुढे आपल्या बोलण्यात घेतले, हुकमी हशा मिळे. मुलगी घरातून निघाली तेव्हा दारात तीही येते म्हणाली आणि त्याने ये म्हटले, बॅगेचे चाक उंबऱ्याला अडकले होते ते सोडवत. तिच्याकडे बघायचे राहून गेले.

कॅमेरेवालीने घसा साफ केला आणि अगदी हळू म्हणाली की दालन उद्यापासून कुलूपबंद होणार, तेव्हा आज संपवायला हवे. लोकांना आता घरबसल्याच बघायचे होते. सीमा उघडेपर्यंत पडद्यावर हे दाखवायचे आणि तेवढ्याने त्यांची ह्या शहराची आठवण टिकवायची, असे वरच्यांनी ठरवले होते. तो दोरखंडाखालून आत गेला आणि फरशीवर उभा राहिला, पण आता त्याला पाठ वळवता येईना. कडेने उभा राहिला, अर्धा भिंतीकडे, अर्धा तिच्याकडे. तिने चालेल म्हटले. लाल दिवा लागला. तो म्हणाला, हे जहाज. मग थांबला. इतक्या वर्षांत ह्या जागी तो कधी थांबला नव्हता आणि ती जागा एखाद्या खोलीसारखी उघडली. पहारेकरी स्टुलावरून उठल्याचा आवाज झाला. तो म्हणाला, “हे जहाज येतंय की जातंय, मला माहीत नाही. आम्ही तुम्हाला जातंय म्हणून सांगत आलो. तुम्ही वर दोर बघा. मी आज बघितला.” आणि मग त्याने तो दोर कसा आहे ते सांगितले, त्याचा पीळ, त्याचा ओला रंग, दोन्ही बाजूंचे हात. त्याला शब्द सापडत नव्हते, शोधावे लागत होते, आणि मिळाला की तो शब्द हातात जरा वजन देऊन बघावा तसा तो म्हणत होता. बाई हाक मारते आहे, तो म्हणाला. कुणाला ते दिसत नाही. दिवा बंद केल्यावर कॅमेरेवाली म्हणाली, साहेबांना हे चालेल का सांगता येत नाही. तो म्हणाला, नसेल तर जुने आहेच की, ते कधीही म्हणता येते. पहारेकऱ्याने विचारले, “खरंच माहीत नाही, पोपटराव?” आणि तो स्वतः दोरखंडापाशी येऊन मान वर करून उभा राहिला, हनुवटीवरचा मास्क वर ओढायचे साफ विसरून.

फोन वाजला तेव्हा तिघेही वर बघत होते. घाईत भलतेच बटण दाबले गेले आणि मुलीचा आवाज एकदम सगळ्या दालनात आला, कमानीखालून फिरून पुन्हा आला.

“बाबा, उतरले.”

ती भराभर बोलत होती. सकाळी लहान बोट आली, एकेकीचे नाव पुकारले, शिडीवरून खाली घेतले. आता धक्क्यावर बसवले आहे, लांब लांब. इथून गाडी येईल, कुठल्याशा हॉटेलात कोंडून ठेवतील, मग विमान सुरू होईल तेव्हा विमान. ते कधी, कुणी सांगत नाही. घर अजून लांब आहे बाबा, एवढ्यात वाट बघू नका म्हणावं आईला. आईला आधी केला होता फोन, ती नुसती रडली, तुम्हाला कर म्हणाली.

“बरी आहेस ना?” त्याने विचारले.

“उभं राहता येत नाहीये,” ती म्हणाली आणि हसली, की हसल्यासारखे काही केले. “जमीन हलतेय बाबा. जहाज कधी हललं नाही एवढी हलतेय. सगळ्याच बसल्यात खाली, चक्क डांबरावर. एक तर पालथी पडलीय आणि उठायला तयार नाही.”

“बस. बसून राहा. घाई नाही कसली.”

“बसलेच आहे. हाताने धरून ठेवलीय.” ती म्हणाली. “बाबा, तुम्हाला ऐकवू? थांबा. फोन खाली ठेवते.”

खट्ट असा आवाज झाला, जमिनीवर काही टेकल्याचा. मग त्या जुन्या जकात कचेरीत एका परक्या देशाची जमीन ऐकू येऊ लागली. कुणीतरी बुटांनी चालत गेले, खडे चुरडत. दूर एक जड वाहन मागे मागे येत होते. खालून, अगदी खालून, काहीतरी घुमत होते, एखाद्या मोठ्या प्राण्याने झोपेत श्वास घ्यावा तसे. ते धक्क्याखालचे पाणी असेल किंवा जमिनीचाच आवाज असेल. मुलीने तळव्याने दोनदा थोपटले. ते थोपटणे भिंतीवर गेले, कमानीत चढले आणि त्यांच्या तिघांच्या अंगावर उतरले. पहारेकऱ्याने आपोआप टोपी काढली. कॅमेरेवाली तिथेच फरशीवर बसली. कुठला देश ते त्याने विचारले नव्हते आणि आता विचारावेसे वाटेना. फोन दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून तो ऐकत होता, सांडेल म्हणून श्वाससुद्धा जपून घेत.

“ऐकलंत?” लांबून तिचा आवाज आला. “उचलू आता?”

“राहू दे,” तो म्हणाला. “अजून जरा वेळ तसाच राहू दे.”